दफ्तर उघडल्याची पंचाईत

पेशवाई १८१८ साली बुडाली. दुसऱ्या बाजीरावांना सालिना आठ लाखांचा तनखा मिळाला आणि गंगाकाठी बिठूरला बिऱ्हाड मिळालं. त्यांच्या कागदांना यातलं काहीच मिळालं नाही. ते पुण्यातच राहिले, रुमालांत बांधलेले, आणि वर साहेबाचा पहारा. बाजीराव १८५१ साली कायमचे सुटले. कागदांना सुटायला १९२९ उजाडावं लागलं, आणि तीही सुटका पॅरोलवरचीच म्हणायची.

लढाई जिंकलेल्या सरकारने हरलेल्याच्या वह्यांना एवढं का भ्यावं? तर साहेब आपल्याला नीट ओळखून होता. मराठी माणसाच्या हाती जुना कागद पडला की तो आधी इतिहास वाचत नाही, आपलं आडनाव शोधतो. आडनाव सापडलं की गावाचं नाव शोधतो. गाव सापडलं की वकील शोधतो. आणि पेशवे दफ्तरात होतं काय? इनामांच्या सनदा, वतनं, देवस्थानांच्या नेमणुका, शास्त्रीबुवांची वर्षासनं. १८५२ च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने याच कागदांवर बोट ठेवून लोकांची इनामं तपासली, आणि पुष्कळांची काढूनही घेतली. आता झडती घेणाऱ्याकडचा कागद झडती देणाऱ्याच्या हाती कोण देईल? म्हणून दफ्तर महसुलाच्या ताब्यात, आणि त्याची मांडणीही महसुलाच्या सोयीची. इतिहास हा त्या खात्याच्या कामाचा भागच नव्हता. आजही कुठल्याही तहसील कचेरीत जाऊन 'इतिहासासाठी जुनं रजिस्टर पाहायचंय' असं म्हणून बघा. समोरचे भाऊसाहेब तुमच्याकडे कणवेने पाहतात आणि मग हळूच विचारतात, 'ते ठीक आहे, पण गट नंबर काय?'

खरं सांगायचं तर दफ्तर बंद होतं तोवर सगळ्यांचीच सोय होती. बंद दफ्तरात काय नव्हतं? प्रत्येक घराण्याचा पराक्रम होता, प्रत्येकाचं गेलेलं गाव होतं, प्रत्येक पराभवाचं खरं कारण होतं आणि ते कारण नेहमी दुसऱ्याच्या घराण्यात होतं. 'दफ्तर उघडू दे, मग बघा' असं म्हणून वाद संपवता येत असे. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला. मूळ कागद त्याच्या हाताखालून गेलेले. मग पुढे वदंता उठली की काम झाल्यावर साहेबाने कागद जाळून टाकले. या वदंतेइतकी उपयोगी वदंता क्वचितच असेल. जळालेल्या कागदात काय लिहिलं होतं हे सांगायला पुरावा लागत नाही, आणि खोडायलाही सापडत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांसारख्या हायकोर्टाच्या जज्जालाही हे दफ्तर उघडं नव्हतं. गणेश चिमणाजी वाड यांनी परवानगीने पेशव्यांच्या रोजकीर्दींतून उतारे काढले, आणि रानड्यांनी त्या उताऱ्यांवर १९०० साली आपला प्रसिद्ध निबंध वाचला. फाशीची शिक्षा कायम करण्याचा अधिकार आहे, पण नाना फडणविसाच्या काळातली खर्चाची वही उलटून बघण्याचा नाही. साहेबाच्या न्यायबुद्धीला यात काही विसंगत वाटलं नसावं.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मात्र सरकारच्या दाराशी ताटकळत बसायचं नाकारलं. स्वभाव असा, की सरकारने दार उघडलं असतं तरी त्यांनी आधी चौकटीवर टीका केली असती. त्यांनी सरळ गावं धुंडाळायला सुरुवात केली. वाईला मिळालेल्या कागदांवरून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. माळ्यावर, देवघराच्या मागे, बळदात, जिथे म्हणून कागद असेल तिथे हा तापट माणूस पोचायचा. काही घरांत त्यांना रुमाल मिळाले, काही घरांत 'परवाच नदीत सोडले हो' एवढं मिळालं. वाण्याकडे रद्दीत गेलेल्या कागदांची तर गणतीच नाही. कुठल्याशा मोहिमेचा तपशील हिंगाची पुडी होऊन संपला असेल. सरकारी दफ्तराबद्दल काहीही बोला, तिथून कागद वाण्याकडे जात नव्हता. कैदेचा तेवढा फायदा असतो.

आपला इतिहास आपल्यापेक्षा आपल्या शत्रूंनीच नीट जपला आहे, हेही याच शोधाशोधीत कळलं. रायगड १६८९ साली मोगलांच्या हाती पडला आणि तिथलं दफ्तर गेलं ते गेलंच. मग शिवाजी महाराजांबद्दल विचारायचं कुणाला? सुरतेच्या नि राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांना, ज्यांची अर्धी पत्रं नुकसानभरपाईच्या रडगाण्याची आहेत. नाहीतर गोव्याच्या पोर्तुगीजांना. गोव्याचं दफ्तर १५९५ पासूनचं. दिओगो दो कोउतो हा त्याचा पहिला रखवालदार, आणि तो स्वतः इतिहासकार. चारशे वर्षांपूर्वी दफ्तरावर इतिहास कळणारा माणूस नेमायचं कुणालातरी सुचलं होतं, हे आज वाचताना अद्भुतरसाचा अनुभव येतो. त्याच दफ्तरात पुढे पांडुरंग पिसुर्लेकर बसले आणि त्यांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांची कागदोपत्री मांडणी केली. भांडणाऱ्या शेजाऱ्याने आपल्याबद्दलची प्रत्येक तक्रार तारीखवार लिहून ठेवावी आणि तीनशे वर्षांनी तीच आपल्याला उपयोगी पडावी, असं ते प्रकरण आहे.

असो. १९२९ कडे येऊ.

त्या साली मुंबई सरकारने पेशवे दफ्तर उघडून त्यातले निवडक कागद छापायचं ठरवलं आणि काम दिलं गोविंद सखाराम सरदेसाई यांना. रियासतकार सरदेसाई म्हणजे बडोद्याला गायकवाडांच्या पदरी राजपुत्रांना शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले इतिहासकार यदुनाथ सरकार म्हणजे बंगाली. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं, तिथली माणसं वर्षानुवर्षं हेच दफ्तर मागत होती. आणि आता पेशव्यांच्या पुण्यात, पेशव्यांच्या कागदांची किल्ली बडोद्याच्या मास्तरांकडे, तीही कलकत्त्याच्या वजनावर! शनिवारवाडा पुन्हा एकदा पडल्याचं दुःख काही मंडळींना झालं. सरदेसाई मात्र खाली मान घालून रुमाल सोडत बसले. मराठी रुमालच सत्तावीस हजारांच्या घरात. मदतनीस घेऊन त्यांनी १९३४ पर्यंत ४५ खंड छापून काढले. पुण्याने ते खंड घेतले, वापरले, तळटीपांत त्यांचे आकडे दिले, आणि निवड कशी चुकली आहे हे सांगणंही सोडलं नाही. तिन्ही कामं एकाच वेळी, एकाच टेबलावर करता येतात हे पुण्याबाहेरच्यांना समजावून सांगणं कठीण आहे.

दफ्तर उघडलं आणि पंचाईत तिथूनच सुरू झाली. लोकांची अपेक्षा अशी की रुमाल सोडला की आतून भाले, भगवे आणि स्वगतं बाहेर पडतील. बाहेर पडले हिशेब. तुपाचे, तेलाचे, हत्तींच्या खुराकाचे, श्रावणातल्या दक्षिणेचे, कारकुनाला दिलेल्या शेल्या-पागोट्याचे. पेशवाईत तलवार चालवणाऱ्यांपेक्षा लेखणी चालवणारे जास्त असावेत अशी शंका येते. थोरले बाजीराव एकही लढाई हरले नाहीत हे आपण छाती फुगवून सांगतो. पण त्यांची धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं वाचा. नर्मदेपलीकडे दरारा असलेला हा पुरुष सावकारांच्या तगाद्याने गांजलेला दिसतो. कर्ज काढून साम्राज्य उभारणारा पेशवा आणि कर्ज काढून फ्लॅट घेणारा मी यांच्यात जवळजवळ तीनशे वर्षांचं अंतर आहे. हप्त्याच्या तारखेला ते जरा कमी होतं.

आणि त्याच हिशेबांत, तुपाच्या नि वैरणीच्या आसपास, कुणबिणी येतात. दासी म्हणून विकत घेतलेल्या, कोठीत, पागेत, किल्ल्यांवर राबवलेल्या बायका. नाव, आणि पुढे किंमत रुपयांत. बखरीत या बायका नाहीत, पोवाड्यात नाहीत, शाळेच्या पुस्तकात तर नाहीतच. लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही, म्हणून त्या वहीत राहिल्या. हिरोशी फुकाझावा, हिरोयुकी कोतानी यांच्यासारखे जपानी अभ्यासक मराठी कागदांत शिरले ते हेच शोधायला: गाव कसं चालत होतं, बलुतं कसं मिळत होतं, कुणाला दंड झाला, कुणाला वाळीत टाकलं. आपण पानिपतात कोण कुणाच्या डाव्या अंगाला उभा होता यावर भांडत होतो, तेव्हा ते तिकडून येऊन आपल्या पाटील-कुलकर्ण्यांचे हिशेब तपासत होते.

तरी कागद हाती आला म्हणजे तो वाचता येतो असं नाही. मोडीची गंमत अशी की लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा मारून घेतो आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत सुटतो. शब्द कुठे संपला हे तो सांगत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न त्याने केव्हाच निकालात काढलेला असतो. एवढ्यातून निभावलात की तारीख येते. तारखेला आधी 'छ' लिहितात, म्हणजे चंद्र. मग हिजरी महिना, जमादिलाखर वगैरे. आणि मग शुहूर सन, तोही आकड्यांत नाही, अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. कोणते, ते महिन्यावर अवलंबून, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. आलं ना लक्षात? पानिपतचं साल. मंत्र पुटपुटावा तसं हे म्हणत, शेजारी मोडकांची नाहीतर खऱ्यांची जंत्री उघडी ठेवून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ब्राह्मण कारकून, मराठा सरदार, हिजरी महिना, अरबी आकडा आणि मृग नक्षत्र, हे सगळं एका ओळीत सुखाने नांदतं. त्यावरून चिडायला दफ्तराबाहेर यावं लागतं.

मी ज्या पुराभिलेखागारात अधूनमधून जातो त्याचं नाव सांगत नाही. पुन्हा तिथे जायचं आहे. प्रवेशाला फोटो, ओळखपत्र, शिफारसपत्र आणि एक छापील अर्ज लागतो. अर्जात 'संशोधनाचा विषय' असा रकाना आहे आणि तेवढ्यापुरती अर्धीच ओळ ठेवलेली आहे, त्यामुळे सगळ्यांचेच विषय आटोपशीर असतात. आत पेन चालत नाही, शिसपेन्सिल चालते. मागणीचिठ्ठी सकाळी दिली तर रुमाल जेवणाच्या सुट्टीनंतर येतो, कारण जेवणाच्या सुट्टीआधी तो आला तर सुट्टीत त्याचं करायचं काय? यादी नावाची एक जाड वही आहे. तिच्यात सगळ्यात मोठा विभाग 'किरकोळ' आणि महाराष्ट्राचा निम्मा इतिहास त्यात आहे. पण खरी यादी म्हणजे तिथले शिपाईमामा. तुम्ही नंबर सांगता, ते दोन क्षण वर पाहतात आणि म्हणतात, 'तो नका घेऊ, त्याला कसर लागलीय. त्याच्या शेजारचा आणतो, त्यातही तुमचंच आहे.' आणि असतं. मामा पुढच्या साली निवृत्त होणार आहेत. त्यांचं डिजिटायझेशन करण्याचा प्रस्ताव अजून कुणी मांडलेला नाही.

रुमाल येतो. चौकोनी जाड कापड, चार टोकांची गाठ, दीडशे वर्षांत किती जणांनी बांधली-सोडली असेल ती. गाठ सुटली की आधी शिंक येते. मग एकेक बंद उलगडायचा. शाई अजून काळीभोर, बोरूचा फराटा जिथे ओला जास्त पडला तिथे अक्षराला फुगवटा. घडीत बारीक चमचमतं काही दिसतं, बोटाला खरखरतं. ती वाळू. शाई टिपायला कारकुनाने टाकलेली, आणि घाईत झटकायची राहिलेली. त्याला कुठलीतरी घाई होती, एवढं पक्कं कळतं. शेवटी 'मोर्तब सुद'. हे पाहिल्यावर मागणीचिठ्ठी, शिफारसपत्र, दोन फोटो सगळं माफ होतं. तिसरा फोटो मागतात तो मात्र नाही.

वाचणाऱ्यांतही जाती आहेत. पीएच.डी.वाले ओळखू येतात ते घड्याळाकडे पाहण्यावरून. निवृत्त बँक अधिकारी ओळखू येतात ते न पाहण्यावरून. त्यांनी निवृत्तीनंतर मोडीचा वर्ग केलेला असतो आणि ते शनिवारवाड्याचा ताळेबंद जुळतो का हे तपासत असतात. (एकांनी मला सव्वा रुपयाची चूक दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून नाना फडणविसांना मेमो जाणार याची खात्री पटली.) कादंबरीकार एकदाच येतात, एका कागदाचा फोटो मागतात आणि मनोगतात 'अस्सल दफ्तरांच्या अभ्यासाअंती' असं लिहितात. गुप्तधनवाले खालच्या आवाजात नकाशा मागतात. यांच्याखेरीज एक जमात आत कधीच येत नाही, आणि मोबाइलवर सर्वांत जास्त हवाले देते ती तीच. 'मूळ कागदात आहे' हे तिचं ब्रीद. कोणत्या कागदात, विचारलं की 'पुण्याच्या दफ्तरात'. म्हणजे सत्तावीस हजार रुमालांपैकी कोणताही.

आता तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे कागद 'अभिलेख पटल'वर घरबसल्या पाहता येतात. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांच्या माहितीबद्दल वेगळं, बरंच उदार कलम आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदाही आहे. दारं एवढी उघडी कधीच नव्हती. आणि तरी मला जे दृश्य विसरता येत नाही ते २०२३ च्या शरदातलं.

कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि बघता बघता सगळा महाराष्ट्र दफ्तरात शिरला. आरक्षणाच्या वादात मी पडत नाही, तो माझ्या आवाक्यातला नाही. मला गंमत वाटली ती दाराची. ज्या अभिलेख कक्षांना इतिहासाच्या नावाने कधी जाग आली नव्हती, त्यांची कुलपं आठवड्याभरात निघाली. खासरापत्रकं, पाहणीपत्रकं, कुळनोंदवह्या, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, गाव नमुना चौदा, हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. निजामकालीन कागदांसाठी हैदराबादच्या वाऱ्या झाल्या. नोंदी छाननी करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. आणि मोडी वाचणारा माणूस, ज्याला आजवर लग्नाच्या बाजारात किंमत नव्हती, त्याला घ्यायला तहसीलदारांची गाडी येऊ लागली. राजवाड्यांनी जन्मभर पायपीट केली, पुण्याच्या मंडळाने वर्षानुवर्षं अर्ज केले. दार उघडायची खरी युक्ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. इतिहास मागू नये. दाखला मागावा.

त्या दिवसांपासून आमच्या वाचनालयात गर्दी असते. पणजोबांचं नाव शोधणारे, खापरपणजोबांचं वतन शोधणारे, आजोळचा वाडा शोधणारे. यदुनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आनंदाचं की कसं, सांगता येत नाही. मागे असेच एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल, घराण्याचा इतिहास छापायचाय म्हणाले. वाड्याचा जुना फोटो मुखपृष्ठाला ठरलेला होता, प्रकाशनाला आमदार ठरलेले होते. कागद तेवढा राहिला होता. बँकवाल्या काकांनी त्यांना मोडी वाचून द्यायचं कबूल केलं. मामांनी रुमाल आणला. आणि नाव निघालं! गाव तेच, आडनाव तेच, सालही बेताचं. गृहस्थ उठून उभेच राहिले. काका वाचत गेले. मूळपुरुषाने सरकारी धान्याच्या मापात खोट केली, चौकशीत कबूल झाला, सबब गुन्हेगारी रुपये पंचवीस. पुढच्या बंदात पुन्हा तोच मूळपुरुष, पुन्हा माप, या वेळी पन्नास.

गृहस्थ खाली बसले. पाणी प्यायले. मग फाइल काखेला मारून टेबलापाशी गेले आणि अगदी अदबीने म्हणाले, 'साहेब, नक्कल हवी होती. नाव, गाव, साल नि शिक्का तेवढा घ्यायचा. मधला मजकूर वगळून मिळेल का?'

टेबलावरच्या बाईंनी चष्मा वर केला.

'वगळून मिळत नाही,' त्या म्हणाल्या. 'पण अर्ज करून ठेवा. दोन फोटो लागतील.'